छेदातली माणसे

ऑक्टोबर 2021 मध्ये आम्ही महाडच्या काही डॉक्टरांनी एकत्र बसायचे ठरवले. सावित्री-गांधारीचा पूर ओसरून तीन महिने होत आले होते, कोविडची दुसरी लाट मागे पडली होती, आणि कितीतरी दिवसांनी मास्क हनुवटीवर ओढून आम्ही एकमेकांसमोर चहा पीत होतो. त्या बैठकीत मी एक तक्ता मांडला. आमच्या रुग्णालयात पहिल्या लाटेत दाखल झालेल्यांपैकी किती टक्के दगावले आणि दुसऱ्या लाटेत किती. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान होता. त्यावर मी बराच वेळ बोललो. आपण शिकलो, स्टेरॉइड कधी द्यायचे ते कळले, रुग्णाला पालथे झोपवायला लागलो, बायपॅप हाताळायला सिस्टर तयार झाल्या, वगैरे. मंडळींनी शाबासकी दिली. एक ज्येष्ठ म्हणाले, "हे लिहून काढ, कुठेतरी पाठव."

पाठवले नाही, हे सुदैव. तो तक्ता चुकीचा होता. बेरीज-भागाकार बरोबर होते, ते मी पुन्हा पुन्हा तपासले होते. तपासायला हवे होते ते वेगळेच.

ते आकडे इथे देत नाही. चुकीचा आकडा एकदा छापला की त्याखालची कबुली कोणी वाचत नाही, आकडा तेवढा पुढे जातो. व्हॉट्सॲपवर तर कबुलीची ओळ आधी कापली जाते.

शंका यायला कारण ढळढळीत होते. आयसीएमआरच्या राष्ट्रीय नोंदणीवर आधारलेला एक लेख त्याच वर्षी 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये आला होता आणि तो मी वाचलाही होता. सुमारे 19 हजार दाखल रुग्ण. एका बाजूला सप्टेंबर 2020 ते जानेवारी 2021, दुसऱ्या बाजूला फेब्रुवारी ते मे 2021. दुसऱ्या लाटेतले रुग्ण सरासरीने दोनेक वर्षांनी तरुण होते. तरीही ऑक्सिजन लागलेल्यांचे प्रमाण 43 टक्क्यांवरून 50 वर गेले, व्हेंटिलेटर लागलेल्यांचे 11 वरून 16 वर, आणि मृत्यू 10.2 टक्क्यांवरून 13.3 वर. वीस वर्षांखालची मुले सोडली तर सगळ्या वयोगटांत वाढ. देशातल्या मोठमोठ्या रुग्णालयांत आकडा चढला आणि महाडमधल्या एका लहान रुग्णालयात तो उतरला, असे दिसल्यावर शहाण्या माणसाने आपली वही पुन्हा उघडली असती. मी छाती फुगवली. शहरातल्या गर्दीत जे जमले नाही ते आम्ही इथे जमवले, असा त्या तक्त्याचा अर्थ मी लावला, कारण तो अर्थ मला हवा होता.

आधी पहिल्या लाटेविषयी. त्या वेळी आमच्याकडे दाखल कोण होत होते? मार्च ते मे 2020 या काळात मुंबईचे चाकरमानी पोलादपूरच्या डोंगरवाड्यांवर परतले, काही तर महामार्गाने चालत. गाव घाबरलेले. पॉझिटिव्ह माणूस वाडीत नको, म्हणून त्याला आधी खाली पाठवायचे. बिरवाडीकडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराचा अहवाल पॉझिटिव्ह आला की कंपनी त्याला सरळ दाखल करायची. सॅच्युरेशन 98, सीटी स्कॅन स्वच्छ, भूक उत्तम. जेवणात दोन चपात्या जास्त मागणार आणि खिडकीतून क्रिकेट कुठे चालले आहे का ते बघणार. सुरुवातीला दोन निगेटिव्ह अहवाल आल्याशिवाय घरी सोडता येत नसे. ती अट 8 मे 2020 च्या नव्या धोरणाने सैल झाली, पण भीती सैल व्हायला वर्ष लागले. ही सगळी धडधाकट माणसे माझ्या भागाकाराच्या छेदात होती. छेद मोठा, टक्केवारी लहान. त्या दिवाळीत मी घरी आणि दारी सांगत होतो की कोकणातली हवा आणि आपला आहार माणसाला तारतो. कोकमाच्या सारावर तर माझे एक छोटे भाषणच तयार होते.

एप्रिल 2021 मध्ये चित्र उलटे झाले. महाराष्ट्रात 18 एप्रिलला एका दिवसात 68 हजारांवर रुग्ण नोंदले गेले. सौम्य रुग्ण घरीच राहत होते; गृह-विलगीकरण एव्हाना अंगवळणी पडले होते. आशाताईकडे पल्स ऑक्सिमीटर असायचा, तिने बोटाला लावला आणि आकडा 85 च्या खाली दिसला की मग गाडीची शोधाशोध. वरच्या वाडीतून पोलादपूर, तिथून महाड, तोवर ओठ निळे. म्हणजे पहिल्या लाटेत आमच्याकडे पॉझिटिव्ह माणसे येत होती, दुसऱ्या लाटेत धापा टाकणारी.

याने आकड्यांचे काय होते ते एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो. समजा पहिल्या लाटेत 100 जण दाखल झाले. त्यातल्या 70 जणांना ऑक्सिजन लागलाच नाही, ते सगळे घरी गेले. 30 जणांना लागला, त्यातले 9 दगावले. दुसऱ्या लाटेत पुन्हा 100. पण या वेळी 20 सौम्य आणि 80 ऑक्सिजनवरचे, आणि त्या 80 पैकी 16 दगावले. वरवर पाहता मृत्यू 9 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर गेले, उपचार बिघडले. प्रत्यक्षात ऑक्सिजनवरच्या रुग्णांतले मृत्यू 30 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आले, उपचार सुधारले. एकाच कागदावरून दोन विरुद्ध बातम्या करता येतात आणि दोन्ही बातम्यांचे आकडे खरे. आयसीएमआरच्या त्या 3.1 टक्क्यांच्या वाढीतही डेल्टा विषाणूचा वाटा किती, उशिरा येण्याचा किती आणि खाटा-ऑक्सिजनच्या टंचाईचा किती, हे वेगळे काढून दाखवणे महाकठीण आहे.

हे लक्षात आले तेव्हा माझे कोडे सुटले नाही, उलट वाढले. पहिल्या लाटेत धडधाकट माणसांनी छेद फुगवला असेल, तर माझा दुसऱ्या लाटेचा आकडा बराच मोठा दिसायला हवा होता. तो लहान कसा?

याचे अर्धे उत्तर पुरात होते. 22 जुलै 2021 च्या रात्री महाड बुडाले. त्याच दिवशी तळीयेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे इथे कोसळली, आणि त्यानंतरचे काही आठवडे कोविड हा आमच्या बोलण्यातला दुसरा विषय झाला. तळमजल्यावरची आमची रेकॉर्डची खोली छतापर्यंत पाण्यात गेली. केसपेपरांचा लगदा आम्ही फावड्याने बाहेर काढला. पहिल्या लाटेची नोंद मी आधीच लॅपटॉपवर चढवून ठेवली होती, ती वाचली. दुसरीची चढवायची राहिली होती. मग दुसऱ्या लाटेची यादी मी पुरातून वाचलेल्या कागदांवरून नव्याने केली, आणि मनाची समजूत घातली की पाण्याला काय कळते, कुणाचा केसपेपर आहे? चारातला एक गेला काय आणि दुसरा गेला काय, टक्केवारी तीच राहणार.

पाण्याला कळत नव्हते हे खरे, पण आमच्या बिलिंगच्या मुलाला कळत होते. वरच्या मजल्यावर त्याच्या टेबलावर होत्या त्या विम्याच्या, कॅशलेसच्या, कंपनीकडून पैसे यायचे बाकी असलेल्या फायली. म्हणजे कामगार, कर्मचारी, पन्नाशीच्या आतले, बहुतेक बरे होऊन गेलेले. खालच्या रॅकमध्ये होते रोख पैसे भरून गेलेले म्हातारेकोतारे, ज्यांच्यासाठी कुणी म्हैस विकली होती, कुणी मुंबईच्या भावाकडून उसने आणले होते. नदीने नेले ते नेमके हे. पहिल्या लाटेची पूर्ण यादी आणि दुसऱ्या लाटेची विमा असलेल्यांची यादी, यांची तुलना मी 'उपचारांतली प्रगती' या मथळ्याखाली सादर केली होती. एक्सेलच्या फाइलला नाव दिले होते 'फायनल'.

उरलेले अर्धे उत्तर डिसेंबरमध्ये चालत दारात आले. कोविडने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना 50 हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य द्यायचे ठरले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतरचा तो निर्णय. त्यासाठीच्या नियमात एक महत्त्वाची गोष्ट होती. पॉझिटिव्ह अहवालापासून 30 दिवसांच्या आत मृत्यू झाला असेल तर तो कोविडचा धरायचा, मग तो रुग्णालयात झालेला असो की घरी. त्यामुळे लोक जुने कागद मागायला येऊ लागले. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका गावातला तरुण प्लास्टिकच्या पिशवीत आधारकार्ड घेऊन आला. म्हणाला, "डॉक्टर, बाबांच्या पॉझिटिव्हचा कागद हवा होता." नाव ओळखीचे वाटले. लॅपटॉप उघडला. सुदैवाने, किंवा दुर्दैवाने म्हणा, नाव यादीत होते. शेवटच्या रकान्यात मी लिहिले होते: बरा.

"बाबा आमच्याकडून घरी गेले होते ना?" मी विचारले.

"आम्हीच नेलं. तुम्ही पुढे घेऊन जा म्हणालात, पनवेलला खाट मिळेना. आई बोलली, जे व्हायचं ते घरात होऊ दे. चार दिवस काढले त्यांनी."

डामा. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेलेला रुग्ण. रजिस्टरमध्ये शेवटच्या रकान्यात 'डिस्चार्ज', 'डामा', 'रेफर' आणि 'मृत्यू' अशा चार प्रकारच्या नोंदी असतात. एक्सेलमध्ये भरताना मी दोनच केल्या होत्या: मृत्यू म्हणजे एक, बाकी सगळे शून्य. जो आमच्या छपराखाली मेला नाही तो वाचला, असा हिशेब. त्या मुलाला कागद काढून दिला. त्याने वाकून नमस्कार केला, तो घेताना मला फार अवघड गेले.

त्यानंतर मी रेफर आणि डामा झालेल्यांच्या घरी फोन करायला बसलो. ज्यांनी महाडहून गंभीर रुग्ण पुढे पाठवला आहे त्यांना रस्ता माहीत आहे. पनवेल शंभर किलोमीटरच्या वर. मुंबई-गोवा महामार्गाचे काम तेव्हाही चालूच होते, माणगाव, इंदापूर, कोलाड, वडखळ, प्रत्येक ठिकाणी खड्डे आणि वळसे. दक्षिणेला कशेडी घाट उतरून खेड-चिपळूणची बाजू, पूर्वेला आंबेनळी चढून महाबळेश्वर, मग वाई-सातारा. रुग्णवाहिकेत एक जम्बो सिलिंडर. तो किती तास पुरेल याचे गणित आम्ही करून द्यायचो. पोचला की नाही, हे मात्र विचारायचे राहून जायचे. एक खाट रिकामी झाली की दारात दोघे उभे असत. फोनवर एकाने सांगितले, पळस्प्याच्या अलीकडेच संपले. काही नंबर बंद होते. काहींचे रुग्ण ठणठणीत होते आणि त्यांना मी एवढ्या उशिरा का होईना आठवण काढली याचेच अप्रूप वाटले. एक बाई एवढेच म्हणाल्या, "आता कशाला विचारताय?" मी फोन ठेवला. टक्केवारी दुरुस्त करायची आहे, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

ज्यांचा पत्ता लागला तेवढे मिळवल्यावर तक्ता उलटला. दुसऱ्या लाटेतले मृत्यू पहिल्या लाटेहून जास्त निघाले. नक्की किती जास्त, ते कधीच कळणार नाही.

आणखी एक चूक सांगायला हवी, कारण तिच्यात रुग्णांचे पैसे गेले. त्याच बैठकीत मी असेही दाखवले होते की ज्यांना रेमडेसिविर मिळाले त्यांच्यात मृत्यू कमी, ज्यांना मिळाले नाही त्यांच्यात जास्त. एप्रिल 2021 मध्ये ते इंजेक्शन जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वाटले जात होते आणि नातेवाईक त्यासाठी पुण्या-मुंबईला वणवण करत होते. चिठ्ठी आम्ही लिहून द्यायचो, कुपी दोन-तीन दिवसांनी यायची. तोवर जो जिवंत राहिला त्यालाच ती टोचली गेली. पहिल्याच रात्री गेलेला माणूस आपोआप 'रेमडेसिविर न मिळालेल्या' गटात जमा झाला. म्हणजे इंजेक्शनाने माणसे वाचली नव्हती, वाचलेल्या माणसांना इंजेक्शन मिळाले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीचे निष्कर्ष ऑक्टोबर 2020 मध्येच आले होते: दाखल रुग्णांच्या मृत्यूवर या औषधाचा फारसा परिणाम दिसत नाही. प्लाझ्माचेही तसेच. आयसीएमआरने देशातल्या 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर चाचणी घेऊन त्याचा उपयोग नसल्याचे त्याच महिन्यात प्रसिद्ध केले होते. तरी मे 2021 मध्ये मार्गदर्शक सूचनांतून ते वगळले जाईपर्यंत दात्यांसाठी संदेश फिरत राहिले, त्यातले काही माझ्या फोनवरून गेले. लोक मागत होते, हे माझे कारण होते. पण लोक माझ्या चिठ्ठीवरूनच मागत होते.

याउलट डेक्सामेथासोन. दहा-वीस रुपयांचे जुने औषध. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने जून 2020 मध्ये दाखवले की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्याने एक तृतीयांशाने कमी होतात, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने, आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना काही फायदा नाही. हे दोन लाटांची तुलना करून कळलेले नाही. एकाच काळात, त्याच वॉर्डांत, कोणाला औषध द्यायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले, म्हणून कळले.

महाडच्या डॉक्टरला हे दुसऱ्या कोणी शिकवायला नको होते. डॉ. हिंमतराव बावस्करांनी 1970 च्या दशकात इथे बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास सुरू केला, रुग्णाशेजारी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब आणि फुप्फुसात भरणारे पाणी यांच्या नोंदी ठेवल्या आणि पुढे प्राझोसिन या औषधाने मृत्यू खूप खाली आणले. तिथे आधी आणि नंतरची तुलना चालली, कारण विंचू तोच होता, दंश झालेला माणूस त्याच अवस्थेत येत होता, आणि फरक डोळ्यांत भरण्याएवढा होता. पुढे प्रश्न बारीक झाला, नुसते प्राझोसिन बरे की जोडीला प्रतिविषही द्यावे. तेव्हा बावस्कर दांपत्याने महाडमध्येच 70 रुग्णांची यादृच्छिक चाचणी घेतली. 2011 मध्ये ती 'बीएमजे'त आली. प्रश्न कसा आहे यावर तुलनेची पद्धत ठरते, हे इतक्या जवळ घडलेले असताना मी वही न बघता निष्कर्ष काढत होतो. कोविडमध्ये विषाणू बदलला होता, येणारे रुग्ण बदलले होते, लस आली होती, आणि नोंदीचा कागदही बदलला होता.

तिसऱ्या लाटेत माझे तोंड जरा सांभाळून चालले, पण पूर्ण नाही. जानेवारी 2022 मध्ये प्रत्येक दाखल रुग्णाची चाचणी होत होती. पाय मोडलेला पॉझिटिव्ह, बाळंतीण पॉझिटिव्ह, साप चावलेला पॉझिटिव्ह. हे सगळे कोविडचे दाखल रुग्ण म्हणून मोजले की मृत्यूचे प्रमाण नगण्य होणारच. मी गावातल्या एका गटावर लिहून टाकले की ओमायक्रॉन म्हणजे साधी सर्दी. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये हाँगकाँगच्या बातम्या आल्या. तोच ओमायक्रॉन, पण तिथल्या लस न घेतलेल्या वृद्धांत त्याने इतके बळी घेतले की त्या आठवड्यांतला तिथला मृत्युदर जगातल्या सर्वांत वरच्यांपैकी होता. आपल्याकडे बहुतेकांना एक तर लस मिळाली होती किंवा डेल्टा होऊन गेला होता. विषाणूच्या सौम्यपणात या प्रतिकारशक्तीचा हिस्सा मी मोजलाच नव्हता. तो संदेश मी मागे घेतला. ज्यांनी तो पुढे पाठवला होता त्यांनी घेतला नाही.

त्या ज्येष्ठांना नंतर मी सगळे सांगितले. ते म्हणाले, "बरे झाले पाठवले नाहीस." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्या रजिस्टरातही रेफरच्या पुढे काहीच नाही."

तालुक्याच्या गावात लहान रुग्णालय चालवणाऱ्या सहकाऱ्यांना एवढेच मागणे आहे. पुढची साथ कधी येईल ते येवो, लेप्टो आणि डेंग्यू तर दर पावसाळ्यात येतातच. रजिस्टरला दोन रकाने वाढवा. दाखल होताना ऑक्सिजन लागत होता की नाही, आणि तिसाव्या दिवशी रुग्ण कसा आहे. रेफर झालेल्यांच्या आणि डामा झालेल्यांच्या घरी त्या दिवशी एक फोन करा. फोन लागला नाही तर 'लागला नाही' असे लिहा. रकाना कोरा सोडू नका, आणि तिथे 'बरा' तर मुळीच लिहू नका.